हजेरी आणि पाळत

छापखाना उघडायचा आणि लगेच मिटायचा. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्याही आत. तेवढ्यात तो एकही फाइल वाचत नसे, कुठे एक अक्षरही लिहीत नसे. दार ढकलून आत डोकवावं आणि कोणी नाही असं पाहून पुन्हा ओढून घ्यावं, तसा सगळा प्रकार. आणि हे रोज सकाळी, कामाच्या प्रत्येक दिवशी, न चुकता.

तिला खटकलं ते हे ‘न चुकता’. माणसं चुकतात. त्यांना सर्दी होते, ती रजा टाकतात, चुकीचं बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. माणसं जे सॉफ्टवेअर वापरतात त्याचा आलेख दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो. छापखान्याचा आलेख नव्या कुंपणासारखा होता. सगळे खांब सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर.

छापखाना म्हणजे खरा छापखाना नव्हे. निवृत्तिवेतनाच्या त्या कार्यालयाच्या तळमजल्यावर, काचेच्या भिंतीआड, थंड खोलीत एक मेनफ्रेम कॉम्प्युटर होता. शहरातल्या आणि आसपासच्या सगळ्या निवृत्त मंडळींचं वेतन त्याच्या पोटातून निघत असे. एवढ्या वर्षांत त्याच्यावर कोणी काय काय बसवून ठेवलं होतं याचा ताळमेळ कोणालाच राहिला नव्हता. निरनिराळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर होती, सगळी भाड्याची. त्यांतलंच एक, छापायच्या पत्रकांची मांडणी करून देणारं. कंपनीने ठेवलेलं नाव उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून सगळे त्याला छापखाना म्हणत.

कोणतं सॉफ्टवेअर मशीनवर आहे आणि कोणतं खरोखर वापरलं जातं, हे सांगणं हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे दोन साधनं होती. पहिलं रोज सकाळी सगळ्या डिस्क धुंडाळून कोण कोण बसवलेलं आहे ते पाहायचं. त्याला ऑफिसात ‘हजेरी’ म्हणत. दुसरं दिवसभर गुपचूप बसून राहायचं आणि कोणताही प्रोग्रॅम उघडला की टिपून ठेवायचं. ती ‘पाळत’. हजेरीचं पत्रक मेलने सगळ्यांना जाई. पाळतीतून कोणता प्रोग्रॅम किती वेळा उघडला एवढाच आकडा सिस्टिम्सच्या लोकांना दिसे. पण कोणाच्या आयडीने उघडला, हे फक्त तिला.

छापखाना रोज सकाळी उघडत होता तो भाऊजींच्या आयडीने.

भाऊजी म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. याच कार्यालयात, सिस्टिम्समध्ये. छापखाना सांभाळणं हे त्यांचं काम. ऑफिसात तो दुसऱ्या कोणाला येतही नव्हता. हजेरी पहिल्यांदा त्यांनीच बसवली होती आणि ती नोकरीला लागल्यावर तिच्या हातात दिली होती. तिला इथे अर्ज करायलाही त्यांनीच सांगितलं होतं. “तू कॉलेजात बेडकं मोजायचीस, इथे प्रोग्रॅम मोज. बेडकांपेक्षा शांत असतात,” असं म्हणाले होते.

दर वर्षी एक आढावा होई. ज्याला वापर नाही, ते सॉफ्टवेअर काढायचं. आकडा तिने सांगायचा, पण शेवटचा शब्द त्याला सांभाळणाऱ्याचा, कारण कशाच्या आधारावर काय उभं आहे ते त्यालाच ठाऊक असतं. गेल्या तिन्ही आढाव्यांत साहेबांनी छापखान्याचं नाव घेतलं होतं आणि तिन्ही वेळा भाऊजी म्हणाले होते, “अजून थोडं पाहू.” यंदा साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, की काय ते एकदा ठरवा. छापखाना गेला तर तो सांभाळायची जागाही जाणार होती. मग त्या जागेवरच्या माणसाने दुसऱ्या शहरातल्या केंद्रात जायचं, नाहीतर लवकर निवृत्ती घेऊन घरी बसायचं.

तो माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको होतं. आणि रोज सकाळी छापखान्याचं दार ढकलून जाणारा हातही त्याच माणसाचा होता. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

“मोजणीबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटरला सगळे रेडिओ म्हणत. तो सकाळी सुरू झाला की ऑफिस सुटेपर्यंत बंद होत नसे.

“रागावेन,” ती म्हणाली.

“मग विचारतोच. तुमचे भाऊजी निवडणुकीला उभे राहतायत का?”

“काय?”

“नाही, दारोदार फिरतायत म्हणून म्हटलं. काल वसुलीवाल्यांकडे, परवा वारसनोंदीत. प्रत्येकाला विचारतात, ‘तुम्ही छापखाना वापरता का? तुमच्यातलं कोणी वापरतं का?’ वसुलीवाली बाई म्हणाली, ‘अहो, आम्ही सगळं स्क्रीनवर बघतो, कागद कोण बघतंय?’ तर यांचा चेहरा एवढा झाला.” त्याने चिमटीने दाखवला.

तिने मान पुन्हा कामात घातली. बोललं की रेडिओवरून प्रसारण होणार, हे तिला माहीत होतं.

पण कुठेतरी पाणी मुरत होतं, हे आता नक्की. त्याच आठवड्यात ती दोनदा भाऊजींच्या टेबलाशी गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी तिची चाहूल लागताच स्क्रीन मिटवली. एकदा म्हणाले, “काही नाही, असंच.” दुसऱ्यांदा तर तेवढंही म्हणाले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. भाऊजी चष्मा पुसायला लागले की त्यांना काहीतरी लपवायचं असतं, हे ताईच्या लग्नापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी ती नेहमीप्रमाणे ताईकडे गेली. ताईचं घर तळमजल्यावर, म्हणून बाबा तिथेच राहत. तिच्या स्वतःच्या घराला तीन जिने होते आणि बाबांचे गुडघे एका जिन्याचेही राहिले नव्हते. बाहेरच्या खोलीत ताईचा शिवणवर्ग चाले. तीन मशीनं, एक मोठं टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळ्या. भाचीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. ती आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करत होती किंवा तसं म्हणत होती.

“ये, बये,” ताई तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाली. “आलीस मोकळ्या हातांनी?”

“फळं आणलीत.”

“फळं म्हणजे मोकळ्याच हातांनी. जा, बाबांना दे.”

भाऊजी चहा घेऊन आले. एक कप तिच्यापुढे ठेवला आणि अगदी सहज, बाहेर ऊन किती आहे असं विचारावं तसं म्हणाले, “मग? यंदा कोणाकोणाचा नंबर?”

“अजून आकडे पूर्ण झाले नाहीत.”

“पण साधारण? छापखान्याला वापर दिसतोय ना?”

“दिसतो,” ती म्हणाली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. लपवलेलं नव्हतं ते, उघड होतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. इतका धीट माणूस आहे हा?

“ऐकलंस?” भाऊजी ताईला म्हणाले. “दिसतोय वापर.”

“तुमच्या त्या छापखान्यावर माझं अख्खं घर टांगलेलं आहे,” ताई म्हणाली. तिने टाचण्या काढून डबीत टाकल्या. “मी सांगून ठेवते, मी तिकडे जाणार नाही. वर्ग बंद करून, पोरीची शाळा अर्धी सोडून, बाबांना घेऊन कुठे जाऊ? आणि ही बया बाबांना तीन जिने कशी चढवणार?”

“कोण म्हणतंय जायचं?” भाऊजी म्हणाले.

“ही म्हणेल. हिच्या मशीनने म्हटलं की ही म्हणेल. लहानपणी मी पेढा खाल्ला तर आईला जाऊन सांगणारी ही.”

“पेढे दोन होते,” ती म्हणाली.

“बघा! अजून मोजतेय!”

सगळे हसले. तीही हसली, पण चहा तिने तसाच बाजूला ठेवला.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. तो शर्टांना इस्त्री करत होता. सगळं ऐकून घेऊन त्याने कॉलर उलटी केली.

“पुरावा आहे?”

“आलेख आहे.”

“आलेख म्हणजे पुरावा नव्हे, असं तूच मला जाहिराती बघताना सांगतेस.”

“मग पुरावा मिळवते.”

“मिळव. पण मिळाला तरी ताईसमोर काढू नकोस. मला त्या घरात अजून जेवायला जायचं असतं.”

भाऊजींची सिस्टिम्सची लायब्ररी, म्हणजे त्यांचे प्रोग्रॅम जिथे साठवलेले असत ती जागा, तिला उघडून पाहता आली असती, पण त्यासाठी साहेबांची सही लागली असती, आणि सही म्हणजे तक्रार. तिला तक्रार नको होती. आधी खात्री हवी होती. ती विज्ञानाची विद्यार्थिनी. खात्री कशी करतात हे तिला शिकवलेलं होतं. चोराला वाटलं पाहिजे की आज कोणी बघत नाही. मग तो काय करतो ते बघायचं.

बुधवारी चहाच्या यंत्राजवळ भाऊजी उभे असताना तिने रेडिओला, ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं, “उद्या दिवसभर पाळत बंद ठेवतेय. दुरुस्ती आहे. शुक्रवारी पुन्हा सुरू.”

“म्हणजे उद्या काहीही करा, मोजणीबाईंना कळणार नाही?” रेडिओ म्हणाला. “मी गेम खेळू?”

“खेळा.”

भाऊजी कप भरून घेऊन गेले.

पाळत तिने बंद केली नाही. पण दुरुस्ती खरी वाटायला हवी होती. दुरुस्तीच्या दिवशी एरवी दोन्ही साधनं बंद असत, त्यामुळे हजेरीचं पत्रक सकाळी सगळ्यांना मेलने गेलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून तिने हजेरी तेवढी थांबवून ठेवली.

गुरुवारी सकाळी ती पाळतीचा पडदा समोर ठेवून बसली. नेहमीची वेळ आली. गेली. छापखाना उघडला नाही. दुपार झाली, नाही. ऑफिस सुटलं तरी नाही.

त्या सरळ कुंपणातला पहिला खांब गळाला होता. प्रयोग जमला की कॉलेजात तिला अंगावर शहारा यायचा, आनंदाचा. आज तो आला नाही. तिने पर्स उचलली आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने खाली गेली, कारण लिफ्टमध्ये भाऊजी भेटले असते.

शुक्रवारी सकाळी ती त्यांना काचेच्या खोलीत गाठायला गेली. तिथे पंख्यांचा असा घरघराट असे की मोठ्याने बोलावं लागे, पण बाहेर एक शब्द ऐकू जात नसे. भाऊजी स्वेटर घालून एका कपाटाशी वाकले होते.

“भाऊजी, काल छापखाना का उघडला नाहीत?”

“काय?”

“काल! छापखाना! का उघडला नाहीत?”

ते ताठ उभे राहिले. “काल तो आला नव्हता?”

“कोण तो?”

“अगं, जो रोज उघडतो तो!” त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. “काल तर पाळत बंद होती ना? मग तुला कसं कळलं?”

“बंद नव्हती.”

भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. यंत्रांचे हिरवे दिवे त्यांच्या चष्म्यात लुकलुकत होते.

“छापखाना रोज तुमच्या आयडीने उघडतो,” ती म्हणाली. “काही वाचत नाही, काही लिहीत नाही. नुसता उघडतो, म्हणजे मला वापर दिसावा. पाळत बंद आहे असं तुमच्या कानावर घातलं, त्या दिवशी उघडला नाही. आता तुम्हीच सांगा मी काय समजायचं.”

“माझ्या आयडीने?”

“हो.”

“माझ्या?” आवाज इतका खाली गेला होता की तिला तो ओठांवरून वाचावा लागला. मग एकदम वर आला. “मी रोज सकाळी तुझा आकडा उघडून बघतो. तुला कळू नये म्हणून स्क्रीन मिटवतो, कारण सांभाळणाऱ्याने असं आकड्याकडे डोळे लावून बसलेलं चांगलं दिसत नाही. रोज एकदा! कोणीतरी आहे, अजून एक माणूस आहे ज्याला छापखाना लागतो, म्हणून मी सगळ्या विभागांतून त्याला शोधत फिरतोय. आणि तू मला सापळा लावलास?”

“मी प्रयोग केला.”

“माझ्यावर?” ते म्हणाले. “जा, साहेबांना सांगायचं ते सांग.”

काचेबाहेर रेडिओ उभा होता. त्याला ऐकू काहीच येत नव्हतं, पण ओठांची एकही हालचाल त्याने चुकवली नव्हती.

ती जागेवर येऊन बसली. छान नाटक करतात, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. शोधत फिरत होते म्हणे! म्हणून पाहिलं, पण ते मनात टिकेना. ‘माझ्या?’ असं म्हणतानाचा तो चेहरा मध्येच येत होता. मग सवयीने तिने आजचा पडदा उघडला आणि तिथेच थबकली.

आजही छापखाना उघडला नव्हता.

हे काही जुळत नव्हतं. पाळत शुक्रवारी पुन्हा सुरू होणार, हे भाऊजींनी ऐकलं होतं. आणि आज सकाळी, ती त्यांच्याशी बोलायच्या आधी, त्यांना घाबरायचं काही कारणच नव्हतं. ज्याला वापर दाखवायचा आहे त्याने आज तर आवर्जून उघडायला हवा होता.

“मोजणीबाई,” रेडिओ खुर्ची ओढत जवळ आला, “आत काय झालं ते मी विचारत नाही.”

“बरं करता.”

“फक्त एवढंच विचारतो, हजेरी दोन दिवस आली नाही. आमची सगळ्यांची नावं कापली की काय?”

तिने कपाळाला हात लावला. काल थांबवलेली हजेरी परत सोडायचीच राहिली होती. तिने ती तिथल्या तिथे हाताने सुरू केली आणि नीट चालतेय ना ते पाहत राहिली. शेजारच्या पडद्यावर पाळत होतीच.

हजेरी अर्ध्यावर आली आणि पाळतीच्या पडद्यावर छापखाना उघडला. आणि मिटला.

ती खुर्चीवरून उठली. काचेच्या खोलीत भाऊजी दोन्ही हातांत केबलींचं भेंडोळं घेऊन उभे होते. त्यांच्या जवळपास कीबोर्ड नव्हता.

तिने हजेरी पुन्हा पहिल्यापासून चालवली. छापखाना पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा चालवली, पण छापखान्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबवली. उघडला नाही. मग तिने हजेरीच्या आतली मांडणी काढून पाहिली, जी भाऊजींकडून आल्यापासून तिने कधी उलगडून पाहिली नव्हती. बाकीची सॉफ्टवेअर हजेरी त्यांच्या ठशावरून, म्हणजे फाइलींमधल्या ठरावीक खुणांवरून, ओळखत होती. छापखाना इतका जुना, की त्याचा ठसा कोणाकडे नव्हता. म्हणून भाऊजींनी तेव्हा एक युक्ती केली होती: हजेरीने एक छोटंसं वेगळं काम सोडायचं, त्या कामाने छापखान्याला जागं करून ‘आहेस का?’ एवढं विचारायचं आणि परत यायचं. हजेरीच्या स्वतःच्या हालचाली पाळत धरत नसे. पण हे काम वेगळं, त्यावर आयडी भाऊजींचा. तेव्हा पाळत नव्हतीच, त्यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं. पाळत तिच्याबरोबर आली. तेव्हापासून तिचीच हजेरी रोज सकाळी छापखान्याचं दार ढकलत होती आणि तिचीच पाळत ते टिपून ठेवत होती.

गुरुवारी तिने दोन गोष्टी केल्या होत्या. भाऊजींना खोटं सांगितलं होतं आणि हजेरी थांबवली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात. तिने दोन बदलल्या आणि निकाल माणसाच्या माथी मारला.

संध्याकाळी ती ताईकडे गेली तेव्हा घरात शिवणयंत्राचा आवाज नव्हता. म्हणजे भाऊजींनी सांगितलं होतं.

“आता कशाला आलीस?” ताई म्हणाली. “घराची झडती घ्यायची असेल तर घे. कपाटाच्या किल्ल्या देऊ?”

“ताई, माझं चुकलं.”

“चुकलं! ज्या माणसाने तुला बोट धरून तिथे नेलं, त्याला तू चोर म्हणालीस. भर ऑफिसात!”

“खोली बंद होती,” भाऊजी म्हणाले. ते टेबलाशी बसून विनाकारण कापडाची घडी घालत होते. “ऐकू गेलं नाही कोणाला.”

“तुम्ही गप्प बसा हो. तुमच्या या स्वभावानेच हे असं होतं.”

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हजेरी, नसलेला ठसा, ते छोटं काम. भाऊजींनी घडी घालायचं थांबवलं. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, “थांबवून पाहिलंस?”

“पाहिलं. उघडत नाही.”

“आणि पुन्हा सोडल्यावर?”

“उघडतो.”

“म्हणजे तो माणूस मीच,” भाऊजी म्हणाले आणि हसले. हसू अर्ध्यावरच विरलं. “वारसनोंदीतल्या त्या पोराच्या तर मी मागेच लागलो होतो. मला वाटलं, तोच आहे, लाजतोय सांगायला.”

“म्हणजे तुम्ही काही केलेलं नाही, हे सिद्ध झालं ना?” ताईचा आवाज पहिल्यांदा सैल झाला. “मग झालं तर. मिटलं.”

“मिटलं नाही, ताई.” तिला हे वाक्य घरून निघाल्यापासून टोचत होतं. “तो वापर हजेरीचा आहे. तो काढला तर छापखान्याचा आकडा शून्य होतो.”

आत बाबा खोकले.

“हे कोणाकोणाला माहीत आहे?” ताईने विचारलं.

“आपल्या तिघांना.”

“मग तसंच राहू दे.”

“ताई—”

“कोणाचं नुकसान होतंय? रोज सकाळी ते उघडतं आणि मिटतं, कोणाला चावत नाही. तीन वर्षं तूच तो आकडा वाचून दाखवलास, चौथ्यांदा वाच. पेढ्यासारखं हेही सांगितलंच पाहिजे असं कुठे आहे? आज तू माझ्या नवऱ्याला चोर म्हणालीस, एवढं तरी देणं लागतेस मला!”

तिने भाऊजींकडे पाहिलं. ते चष्मा काढून पुसत होते. खूप वेळ पुसत होते. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

घरी जाताना ती भाऊजींचं ते गप्प राहणंच मनात धरून चालली होती. तिने मनाला बजावलं, की आता पुन्हा संशय घ्यायचा नाही. पण संशय काही दिव्यासारखा नसतो, बटण दाबलं की विझायला. भाऊजी गप्प का राहिले? ‘शून्य आहे तर शून्य सांग’ असं म्हणायला त्यांना काय हरकत होती? आणि आपण? आपण तरी ताईला ‘नाही’ असं सरळ कुठे म्हणालो?

मंगळवारी आढावा होता. ती बैठकीच्या खोलीकडे जात असताना साहेबांच्या केबिनचं दार उघडलं आणि भाऊजी बाहेर आले. तिला पाहून क्षणभर थांबले, मान हलवली आणि पुढे गेले.

“चांगली खलबतं चालली होती,” रेडिओ कानाशी म्हणाला. “दार लावून. सेटिंग झालं म्हणायचं.”

“तुम्ही ऐकलंत?”

“छे, दार जाड आहे हो.”

बैठकीत ती भाऊजींच्या समोर बसली. साहेब एकेक नाव घेत होते, ती आकडा सांगत होती, ज्याचं त्याने ठेवा किंवा काढा म्हणायचं. काम भराभर पुढे सरकत होतं. तिने पत्रकातल्या छापखान्याच्या ओळीवर बोट ठेवलं होतं.

“छापखाना,” साहेब म्हणाले.

तिला ताईचं टाचण्या धरलेलं तोंड दिसलं, तीन जिने दिसले. जुना आकडा तिच्या जिभेवर तयार होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

“शून्य,” ती म्हणाली. “आतापर्यंत जो वापर दिसत होता, तो आपल्याच हजेरीचा होता. ती त्याला रोज जागं करून पाहते. माणूस एकही नाही. चूक माझ्या लक्षात यायला हवी होती, आली नाही.”

रेडिओच्या खुर्चीची कुरकुर थांबली. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“नक्की?”

“नक्की. सगळे प्रयोग करून पाहिलेत.”

“हं,” साहेब म्हणाले आणि भाऊजींकडे वळले. साहेबांच्या चेहऱ्यावरून तिला काहीच कळेना. हे त्यांना आधीच माहीत होतं का? केबिनमध्ये काय ठरलं होतं? जागा वाचवायची काही तोड निघाली होती, की भाऊजींनी शेवटच्या शब्दाचा हक्क वापरायचं कबूल करून घेतलं होतं? तो हक्क त्यांचाच होता. आकडा काहीही असो, त्यांनी ‘पाहू’ म्हटलं की अजून एक वर्ष.

“मग?” साहेबांनी विचारलं. “तुम्ही मघाशी म्हणालात, बैठकीतच सांगतो. सांगा.”

म्हणजे काही ठरलं नव्हतं. भाऊजींनी हात टेबलावर ठेवले. चष्म्याला हात लावला नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही आणि मायेनेही नाही. एखाद्या आकड्याची खातरजमा करावी तसं.

“अजून—” ते म्हणाले आणि थांबले.

साहेबांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

“नाही,” भाऊजी म्हणाले. त्यांनी घसा साफ केला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, काचेच्या खोलीत बोलावं तसं, म्हणाले, “काढून टाका.”